छपराचा खिळा

मृग नक्षत्र तोंडावर आले की आमच्या कोकणात घरोघरी एकच धांदल उडते. कोणी घराची शाकारणी करीत असतो, कोणी पडवीला झड बांधीत असतो, तर कोणी सरपण माळ्यावर चढवीत असतो. एकदा पाऊस लागला की चार महिने छपरावर चढायची सोय नाही. त्यामुळे जे काय करायचे ते वैशाखाच्या उन्हातच उरकावे लागते. गेल्या वर्षी अशाच दिवसांत मी दोन दिवसांची रजा काढून दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर बसलो असता पुतण्या जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, हवेवर चालणारी खिळ्यांची बंदूक घ्यायचे मनात आहे. पैसे जमवले आहेत. कुठली घ्यावी तेवढे सांगा."

पुतण्या आय.टी.आय.मधून फिटर झालेला आहे. घरची शेती सांभाळून तो आसपासच्या वाड्यांतून पत्र्याच्या शेडची कामे घेतो. आमच्या घरचा नवा गोठा त्यालाच उभा करायचा होता. परदेशातले कामगार अशा बंदुकीने दिवसाच्या आत सबंध घराचे छप्पर खिळवून मोकळे होतात, हे त्याने मोबाईलवर पाहिले होते. पैसे जमवले होते ते दोन वर्षे पै पै बाजूला टाकून. तरुण मुलाने कष्टाचा पैसा अवजारात घालावा, ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही मी त्याला लगेच उत्तर दिले नाही.

वाचक म्हणतील, शेतीखात्यातल्या माणसाचा आणि खिळ्यांच्या बंदुकीचा संबंध काय? म्हणणे बरोबर आहे. १९९२ साली मी कृषी पदवीधर झालो. भाताचे कोणते वाण घ्यावे, आंब्यावर तुडतुडा आला तर काय करावे, हे कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. छपराचे शिक्षण मला कोणत्याही वर्गात मिळालेले नाही. ते मी आमच्याच गोठ्याकडून शिकलो, आणि त्याची फी दुसऱ्याच कोणाला भरावी लागली. ती हकिगत आधी सांगतो.

आमचा जुना गोठा २०११ साली बांधला. लाकडी वासे, वर पन्हळी पत्रे. तेव्हा धाकट्या भावाने मला विचारले होते, "दादा, पत्र्यांना हूक लावू की खिळे?" हुकांचा खर्च जास्त येत होता. मी म्हणालो, "गोठाच तर आहे. खिळ्यांवर भागव. वर चार दगड ठेवले की झाले." भावाने तसे केले. साहेब झालेल्या थोरल्या भावाचा शब्द घरात कोण मोडणार?

पुढे २०२० साल उजाडले. करोनाच्या टाळेबंदीत आधीच सगळे घरात कोंडले गेले होते. जूनच्या आरंभी 'निसर्ग' चक्रीवादळ येत असल्याचा इशारा झाला. २ तारखेच्या संध्याकाळी मी गावी पोहोचलो. गोठ्याकडे पाहून आम्हा दोघा भावांना काळजी वाटली. उपाय काय केला? बांधावरचे आणखी दगड उचलून पत्र्यावर नेऊन ठेवले. मी खालून देत होतो आणि भाऊ वर रचत होता.

३ जूनला दुपारी वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर चढले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा तो वारा ज्यांनी ऐकला आहे ते जन्मात विसरणार नाहीत. माड जमिनीला टेकत होते. आम्ही सगळे माजघरात बसलो होतो. एवढ्यात गोठ्यातून गाय हंबरली. कोणी काही म्हणायच्या आत भावजय दावे सोडायला म्हणून धावली. ती गोठ्याच्या दाराशी पोहोचली आणि त्याच वेळी वळचणीकडचा पत्रा उचलला गेला. त्याच्यावरचे दगड घरंगळले. एक दगड तिच्या उजव्या मनगटावर आला.

गाय वाचली. रस्ते झाडांनी अडलेले होते, म्हणून भावजयीला दवाखान्यात न्यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. हाड जुळले, परंतु मनगट किंचित वाकडेच राहिले. आजही भाकरी थापताना तिला डाव्या हाताने जास्तीचे काम घ्यावे लागते. तिने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पण भाकरी ताटात पडली की मला तो दगड आठवतो. तो मीच खालून उचलून दिला होता.

त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही नुकसानीचे पंचनामे करीत हिंडत होतो. माझे काम नारळ-सुपारीच्या आणि आंब्याच्या बागांचे होते, पण नजर मात्र छपरांकडे जाई. उडालेली छपरे पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. सगळी छपरे एकाच रीतीने उडालेली नव्हती. काही घरांत खिळे वाशात जसेच्या तसे उभे होते आणि पत्रा त्यांच्या डोक्यांवरून फाटून निघून गेला होता. काही घरांत पत्रा खिळ्यांसकट गेला होता आणि वाशाला नुसती भोके राहिली होती. आणि काही घरांत पत्रा वाशाला घट्ट धरून होता, परंतु वासाच भिंतीला बांधलेला नसल्याने सगळा सांगाडाच शेजारच्या परसात जाऊन पडला होता.

म्हणजे पत्रा, खिळा, वासा, भिंत ही एक साखळी आहे. वारा तिची सगळ्यात कच्ची कडी शोधून काढतो. हे मला २०११ साली कळले असते तर बरे झाले असते.

आता बंदुकीकडे वळतो. ती मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. २०२३ साली मी आणि सौ. मुलीकडे अमेरिकेत ओहायो राज्यात काही दिवस राहून आलो. तिच्या गल्लीतल्या एका घराचे छप्पर बदलायचे काम निघाले, आणि मी दिवसभर खुर्ची टाकून ते पाहत बसलो. मुलगी हसली, पण मला त्यात प्रेक्षणीय स्थळांहून जास्त गोडी वाटली.

तिकडची घरे बहुतांशी लाकडी असतात. छपरावर आधी लाकडी फळ्यांचे सलग पाखे असते आणि त्यावर डांबराचा थर दिलेल्या कपच्या एकीवर एक अशा लावीत जातात. खाली जमिनीवर हवेचा कॉम्प्रेसर ठेवलेला होता, त्याची लांब नळी वर गेलेली, आणि गड्याच्या हातात बंदूक. बंदुकीच्या पोटात तारेत गुंफलेल्या खिळ्यांचे वेटोळे बसते. एका वेटोळ्यात १२० खिळे. तोंड कपचीवर टेकवून घोडा दाबला की खिळा आत. एका कपचीला चार खिळे मारतात आणि जोराच्या वाऱ्याच्या भागात सहा. खिळ्याची लांबी फार नाही, पाऊण इंचापासून पावणेदोन इंचापर्यंत, पण डोके चांगले रुंद असते.

त्यांचा मुकादम मधून मधून वर चढून प्रत्येक खिळ्याचे डोके बोटाने चाचपून पाही. हवेचा दाब जास्त झाला की डोके कपचीला कापून आत जाते, मग ती कपची धरली न धरल्यासारखीच. दाब कमी पडला की डोके वर राहते आणि पुढच्या कपचीला भोक पाडते. म्हणून बंदुकीला खोली कमीजास्त करण्याची चकती असते. दाबाचा काटा पाहून आणि दोनचार खिळे मारून ती बसवून घ्यावी लागते. वेग यंत्राचा असला तरी नजर माणसाचीच लागते, हे मी तिथे पाहिले.

पुढच्या चौकात एक नवे घर उभे राहत होते. त्याच्या भिंतींना बाहेरून पांढरे कापड गुंडाळीत होते. जावयांना विचारले तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. हे कापड प्लॅस्टिकच्या बारीक तंतूंचे असते. बाहेरचे पावसाचे पाणी आणि वारा ते आत येऊ देत नाही, परंतु आतली दमट वाफ मात्र बाहेर जाऊ देते, त्यामुळे भिंतीचे लाकूड कुजत नाही. वरचा पट्टा नेहमी खालच्या पट्ट्यावर चढवायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मला हसू आले. आमच्या कोकणात पूर्वापार पडवीला नारळाच्या झापांची झड बांधतात, तिचे काम दुसरे काय असते? तीही खालून वर बांधीत जातात. विद्या एकच आहे, कापड निराळे.

ते कापड एक गडी हातोडीसारख्या अवजाराने पिना मारून बसवीत होता, तर दुसरा हवेच्या बंदुकीने. दुसऱ्याच्या प्रत्येक पिनेखाली रुपयाएवढी प्लॅस्टिकची टोपी होती. कारण विचारले तेव्हा कळले, की नुसती पीन बारीक असते. बाहेरचे आवरण चढेपर्यंत महिना-दोन महिने कापड वाऱ्यावर फडफडते आणि पिनेपाशी चिरत जाते. टोपी असली की ओढ रुंद जागेवर पडते आणि कापड टिकते. आपल्याकडे ताडपत्रीला नुसते भोक पाडून दोरी ओवली की ती तिथूनच फाटते, आणि पितळी कडी बसवलेली असली की टिकते, त्याचीच ही गोष्ट.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. तो खूष झाला. म्हणाला, "म्हणजे घ्यावी ना काका?" मी म्हणालो, "आधी एक हिशेब कर, मग ठरव."

हिशेब असा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये त्याचे साधे सूत्र आहे. सेकंदाला किती मीटर वेग आहे त्याचा वर्ग करायचा आणि त्याला ०.६ ने गुणायचे, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवरचा जोर न्यूटन या मापात मिळतो. ताशी १२० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. त्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ६५ ते ७० किलो वजनाएवढा येतो. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर, म्हणजे एका पत्र्याला दोन क्विंटलांहून जास्त उचल. वळचण, आढे आणि कोपरे येथे तर ती याहूनही अधिक असते. शिवाय गोठा बाजूंनी उघडा असला की वारा आत शिरून खालूनही ढकलतो.

पत्र्याचे स्वतःचे वजन पंधरा किलोच्या आसपास. त्यावर दहा-दहा किलोचे चार दगड ठेवले तरी सगळे मिळून पंचावन्न किलो. दोन क्विंटलांच्या उचलीपुढे पंचावन्न किलोंनी काय होणार? दगड पत्रा धरत नाहीत. ते नुसते खाली पडायची वाट पाहत असतात. हा हिशेब कागदावर मांडताना माझा हात क्षणभर थांबला. भावजय आतून ऐकत होती, पण काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काका-पुतणे बाजारात गेलो. दुकानदाराने तीन बंदुका काढून समोर मांडल्या. पहिली सुतार लोक वापरतात ती 'एफ-३०'. तिच्यात जास्तीत जास्त ३० मिलिमीटर लांबीचे, सुतळीच्या सुईसारखे बारीक खिळे बसतात आणि त्यांना डोके जवळजवळ नसतेच. प्लायवूडला पट्टी चिकटवताना सुकेपर्यंत धरून ठेवायला ती उत्तम. पत्र्याला मात्र निरुपयोगी, कारण पत्रा त्या खिळ्यावरून अलगद निघून येईल. दुसरी 'एसटी-६४', ही भिंतीत आणि काँक्रीटमध्ये खिळे मारण्याची. तिसरी वेटोळ्याची, अमेरिकेत पाहिली तशी. ती हातात घेताच पुतण्याचे डोळे चमकले. दुकानदार म्हणाला, "साहेब, हिच्या जोडीला मोठा कॉम्प्रेसर घ्या, म्हणजे काम झाले."

मी पुतण्याला बाजूला नेऊन एवढेच विचारले, "तू जी शेड बांधतोस त्यात पत्रा कशाला जोडतोस?" तो म्हणाला, "हल्ली लोखंडी पाईपलाच. लाकूड आता कोण वापरतो?" मग तोच थांबला. ती बंदूक लाकडात खिळा मारण्यासाठी केलेली आहे. लोखंडी पाईपवर तिचे काही चालत नाही. आम्ही काहीच न घेता परत आलो. दुकानदाराला वाईट वाटले असेल, पण घाईने घेतलेले अवजार घरात पडून राहिले तर ते कर्जाहून वाईट.

तरी पुतण्याच्या मनात एक शंका राहिलीच होती. जुन्या घरांचे वासे अजून लाकडाचेच आहेत, तिथे खिळा का नको? आमच्या खात्यात म्हणतात, की भाषणापेक्षा प्रात्यक्षिक बरे. म्हणून परसात चिऱ्यांचे दोन ढीग रचून त्यावर जुना वासा आडवा टाकला. वाशाच्या खालच्या अंगाला पत्र्याचा एक तुकडा जोडायचा आणि त्याच्या कोपऱ्यांना जाड तारा बांधून पोते टांगायचे. मग पोत्यात एकेक घमेले वाळू टाकीत जायचे. वाडीतली पोरेटोरे गोळा झाली.

आधी साधा दोन इंची खिळा लावला. चौथ्या घमेल्याला पत्रा खिळ्याच्या डोक्यावरून फाटून खाली आला. मग त्याच खिळ्याखाली रुंद वॉशर घातला. या वेळी पत्रा फाटला नाही, पण सातव्या घमेल्याला खिळाच वाशातून सुळकन बाहेर आला. तिसऱ्या खेपेला लाकडाचा आट्यांचा स्क्रू, खाली रुंद वॉशर. दहा घमेली झाली, पोते शिवणीवर उसवायला लागले, पण स्क्रू हलला नाही. शेवटी भावाने हात जोडले आणि म्हणाला, "पुरे आता, पोते वाया जाईल."

पंचनाम्यात पाहिलेले दोन प्रकार परसात डोळ्यांसमोर घडले. डोके लहान असले की पत्रा जातो, पकड कमी असली की खिळा जातो. बंदुकीतून सुटला काय आणि हातोडीने मारला काय, गुळगुळीत खिळा तो गुळगुळीतच. अंगावर कडी असलेले खिळे मिळतात, त्यांची पकड चांगली असते, पण छपरासाठी आट्यांना तोड नाही. पुतण्याची शंका फिटली.

मग त्याने अवजार ठरवले ते असे. स्क्रू पिळण्याचे बॅटरीवरचे यंत्र, तेही ठराविक पीळ झाला की आपोआप सुटणारे. हे महत्त्वाचे आहे. पत्र्याच्या स्क्रूखाली काळ्या रबराचा वॉशर असतो, पाणी अडवण्याचे काम त्याचे. स्क्रू सैल राहिला तर पाणी झिरपते आणि फार आवळला तर रबर चेंगरून बाहेर येते व उन्हाने लवकर तडकते. वॉशरची कड किंचित फुगलेली दिसली की थांबायचे. नुसत्या धडाधड ठोके देत पिळणाऱ्या यंत्राने रबर हटकून चेंगरते. दुसरे म्हणजे, आमच्याकडे वीज कधी असते, कधी नसते, आणि असली तरी कॉम्प्रेसरची मोटर ओढण्याइतका दाब असेलच असे नाही. बॅटरीच्या यंत्राला ही अडचण नाही.

नवा गोठा उभारताना आम्ही जे पाळले तेही सांगून ठेवतो. कोणाला उपयोगी पडेल.

लोखंडी पाईप असेल तर टोकाला बरमा असलेला स्क्रू, आणि लाकूड असेल तर अणकुचीदार टोकाचा, रुंद आट्यांचा स्क्रू. दोन्ही दिसायला सारखे असतात, पण एकाचे काम दुसरा करीत नाही. पन्हळी पत्र्यावर हूक लावायचे तर भोक नेहमी उंचवट्यावर पाडावे, पन्हळीत कधीही नाही, कारण पाणी पन्हळीतूनच वाहते. हुकाला टोपीचा वॉशर आणि त्याखाली डांबरी वॉशर दोन्ही हवेत. वळचण, आढे आणि दोन्ही कडा येथे स्क्रू दाट असावेत, मधल्या ओळींत विरळ चालतील. एका पत्र्याला सोळा स्क्रू बसले तर दोन-सव्वादोन क्विंटलांची उचल दर स्क्रूला चौदा किलोंच्या आसपास वाटली जाते. पण कडेचे चार कमी केले की त्यांचा भार शेजाऱ्यावर येतो, तो सुटला की त्याच्या शेजाऱ्यावर, आणि छप्पर चेन उघडावी तसे उघडत जाते.

पावसाळी वारा ज्या दिशेने येतो तिच्या उलट टोकापासून पत्रे घालायला सुरुवात करावी, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याला मिळत नाही. बाजूचा चढ दीड पन्हळीचा आणि खालीवर जोड असेल तर सहा इंचांचा ठेवावा. काम संपल्यावर पत्र्यावर पडलेला लोखंडाचा कीस ब्रशने झाडून टाकावा. तो तसाच राहिला तर पहिल्या पावसात गंजतो आणि चांगल्या पत्र्याला डाग पाडून खातो. समुद्राजवळच्या गावांनी स्क्रू घेताना जाड जस्ताचा थर पाहूनच घ्यावेत. चार रुपये वाचवायला गेलात तर खारी हवा पाच वर्षांत ते वसूल करील. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असते. त्यांना भोके पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे. ते काम कोरडे करू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

आणि सगळ्यात शेवटचे, पण खरे म्हणजे पहिले. पाईप किंवा वासा भिंतीला, खांबाला पक्का जखडलेला असावा आणि खांब पायात काँक्रीटने धरलेला असावा. नाहीतर पत्रा घट्ट आणि छप्पर शेजाऱ्याच्या परसात, अशी गत व्हायची.

मग हवेची बंदूक वाया गेली काय? नाही. तिचाही एक दिवस आला. दिवाळीनंतर पुतण्याने आपणहून हिशेब मांडला. आमच्या भागात आंब्याच्या लाकडी पेट्या लागतात. पातळ फळ्या, लाकडात लाकूड, खिळे आखूड आणि संख्येने पुष्कळ. एकेक पेटी हातोडीने ठोकताना दिवस जातो, फळ्या चिरतात आणि बोटे सुजतात. इथे हवेची बंदूक अगदी जागची. त्याने उरलेल्या पैशांत लहान कॉम्प्रेसर आणि पेट्यांना पुरेशी साधी बंदूक घेतली. या वर्षी माघ-फाल्गुनात त्याने वाडीतल्या सगळ्या बागायतदारांच्या पेट्या ठोकून दिल्या. यंत्र घेताना त्याने तीन गोष्टी पाहिल्या. बंदुकीला मिनिटाला हवा किती लागते आणि कॉम्प्रेसर किती देतो, खिळे तालुक्याच्या गावात मिळतात की नाही, आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा जवळ आहे की नाही. संध्याकाळी टाकीच्या तळाचे पाणी सोडतो, बंदुकीला तेलाचे दोन थेंब देतो. खिळा अडकला की आधी नळी काढतो आणि मगच बोट घालतो. एकदाच मारणाऱ्या घोड्याची बंदूक घ्यावी आणि डोळ्यांना चष्मा लावावा, एवढे माझे म्हणणे त्याने ऐकले.

गोठा गेल्या वर्षी मृगाच्या आधी पुरा झाला. शेवटचा स्क्रू बसला त्या संध्याकाळी जुन्या गोठ्यावरचे दगड अंगणाच्या कडेला पडलेले होते. पुतण्या सवयीने त्यातला एक उचलायला वाकला. तोच भावजय मागीलदारातून म्हणाली, "ते आता वर नकोत रे. तिकडे विहिरीच्या वाटेला पायऱ्या करा, पावसात घसरायला होते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नकोत ना, भावोजी?"

मी म्हणालो, "नकोत." आणि तिघांनी मिळून ते दगड विहिरीच्या वाटेवर बसवले. सगळ्यात मोठा मी स्वतः नेला.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या पत्र्यावर आज दगड असतील. जुने टायर असतील, लाकडाचे ओंडके असतील. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, आम्हीही तेच केले होते. पण यंदा पाऊस लागायच्या आत एक दिवस काढा. शिडी भक्कम धरायला एक माणूस ठेवा, कमरेला दोर बांधा, पाय नेहमी पाईपच्या रेषेवर ठेवा, आणि वळचणीचे कोपरे हाताने हलवून पाहा. जो पत्रा हलेल त्याला आधी स्क्रू द्या. सगळे एकदम जमले नाही तर निदान कडेची ओळ तरी करा. मग दगड खाली उतरवा. आणि हे काम भाकऱ्या थापणारे हात घरात शाबूत आहेत तोवरच करा.